सहा मध्यंतरं, दोन रांजण

हल्ली सिनेमाला एकच मध्यंतर असतं आणि तेवढंही लोकांना लांब वाटतं. आमच्या टॉकीजमध्ये सहा असत. याचं श्रेय प्रेक्षकांच्या हौसेला नव्हे, मालकाच्या चिक्कूपणाला. बाकीचे टॉकीजवाले दोन मशिनी ठेवत. एकीवरचं रीळ संपत आलं की दुसरी सुरू करायची, म्हणजे पडद्यावर खंड पडत नाही. आमच्या शेठचं म्हणणं असं की पडदा एक, पाहणाऱ्याला डोकं एक, मग मशीन दोन कशाला.

ही टॉकीज पुलगावहून नाचणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. वर टिनपत्रे, खाली शहाबादी फरशी, भिंतींना काळे पडदे. मी तिथं ऑपरेटर म्हणून लागलो तेव्हा देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि शेठच्या मते तेवढी प्रगती पुरे होती.

दोन रिळं एकमेकांना जोडून मी एका मोठ्या चक्रीवर गुंडाळत असे. ती चक्री वीस-बावीस मिनिटं चाले. मग पडदा पांढरा व्हायचा, मी हॉलचे दिवे लावायचो आणि कामाला लागायचो. तापलेली चक्री उतरवायची, नवी चढवायची, फिल्मचं टोक दातेरी चाकांमधून ओवत खाली न्यायचं, प्रकाशासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या आखूड झालेल्या असत त्या पुढे सरकवायच्या. हात बसला म्हणजे तीन मिनिटांचं काम. अशी पाच लहान मध्यंतरं आणि मधोमध एक मोठं. मोठ्या मध्यंतराला काचेची एक स्लाइड पडद्यावर दाखवायची. तिच्यावर पेंटरने कमळ काढून वर 'मध्यंतर' असं लिहिलं होतं. मशीनच्या उष्णतेने काच तडकली होती, पण शेठ म्हणे की शब्द वाचता येतो तोवर चालवायची.

मोठं मध्यंतर किती वेळाचं, हे घड्याळ ठरवत नसे. दाराबाहेर भजीवाला बसे. त्याचा घाणा संपला की तो झाऱ्याने कढईवर दोनदा ठणठण करी आणि मग मी दिवे घालवायचे. त्याच्या तेलात शेठची भागी होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. घाणा मोठा असला की नायिका पंचवीस पंचवीस मिनिटं नदीकाठी रडत उभी राही आणि बाहेर लोक मिरचीची भजी खात उभे राहत.

प्रेक्षक मात्र समजूतदार. एकदा माझ्या हातून चवथी चक्री राहिली आणि पाचवी आधी लागली. नायिकेला मूल झालं, मग तिची नायकाशी ओळख झाली, मग लग्न झालं. मी वर घाम पुसत बसलो होतो की आता खुर्च्या फुटतात. कोणी चकार शब्द काढला नाही. खेळ सुटल्यावर एक गृहस्थ एवढंच म्हणाले, की कथेत या वेळी जरा नवीन काही होतं.

असं हे उदार गाव. रिळं उलटसुलट झाली तरी चालत, भांडी झालेली चालत नसत.

हॉलच्या आत, दाराजवळच्या भिंतीशी सिमेंटचा ओटा होता आणि त्या ओट्यावर पिण्याच्या पाण्याचे दोन रांजण. उजव्यावर पितळी झाकण, त्याच्याजवळ पितळी गिलास आणि पाणी ओतून द्यायला एक पाणक्या. डाव्यावर लाकडी फळी आणि टिनाचा डबा. पाणी एकाच विहिरीचं, एकाच पोहऱ्याने काढलेलं. पण डावा रांजण आमच्या वस्तीचा आणि उजवा बाकीच्या गावाचा. अंधारात मात्र सगळे सारखे. बाकावरचा पाटील आणि जमिनीवरचा मजूर एकाच जागी रडत, एकाच जागी शिट्टी मारत. मग मी दिवे लावायचो. लोक डोळे पुसायचे, आपण कुठं बसलो आहोत हे पाहायचे आणि आपापल्या रांजणाकडे जायचे. मला कधी कधी वाटे की या गावात जात माझ्याच बटणावर चालू-बंद होते.

मग कायदा आला. शिवाशीव पाळणाऱ्याला शिक्षा होईल असं वर्तमानपत्रात छापून आलं. शेठची झोप उडाली. त्याने आमच्या गावच्या वकिलाला विचारलं. हा वकील दर शनिवारी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर असे, तोही पासावर. त्याने विचार करून सल्ला दिला की एक रांजण काढण्याची गरज नाही. दोन्हींवर 'पाणी सर्वांसाठी' अशी पाटी लावा. मग कोणी कुठलं प्यावं हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न, त्यात सरकार काय करणार?

तसं झालं. ज्या पेंटरने कमळ काढलं होतं त्यानेच दोन्ही पाट्या रंगवल्या, अक्षरही सारखं. सापही मेला आणि काठीही तुटली नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही रांजण सर्वांसाठी होते आणि सर्व जण न चुकता आपापल्या रांजणावर होते. एक साहेब तालुक्याहून तपासणीला आले, पाट्या वाचून खूश झाले, आणि पाणी प्यायले ते पितळी गिलासातलं.

आता माझं सांगतो, म्हणजे मला या लोकांना हसण्याचा हक्क किती ते कळेल. मी नाचणगावच्या आमच्या वस्तीतला. एका फिरत्या तंबू-टॉकीजबरोबर गावोगाव हिंडून मशीन शिकलो होतो. शेठने मला ठेवलं, कारण या भागात दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं आणि फिल्मला विटाळ होत नाही असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. माझी केबिन हॉलच्या मागच्या बाजूला, उंचावर. आतूनच एक लोखंडी जिना वर जाई. वर दाराबाहेर चार पावलांचा सज्जा होता. तिथून सगळा हॉल दिसे आणि हॉलमधून सज्जा. प्यायचं पाणी मी घरून बाटलीत भरून न्यायचो. चार वर्षं नेलं. डाव्या रांजणाचं पिण्याची लाज वाटे आणि उजव्याचं पिण्याची भीती. मी स्वतःला सांगत असे की मशीन सोडून खाली कोण उतरणार.

छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. घरातले देव मायने स्वतःच्या हाताने टोपलीत घालून नेले आणि वर्धा नदीत सोडले. माय तेव्हा पन्नाशीला आली असेल. शेठच्याच जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ती कापूस निवडण्याच्या कामाला होती. मुलगा टॉकीजमध्ये असून तिने कधी सिनेमा पाहिला नव्हता. चल म्हटलं की म्हणायची, दिवसभर पांढरंच पाहातो, आनखी पांढऱ्या पडद्याकडं काय पाहू.

नागपूरहून आल्यावर महिनाभराने एकदा भाकरी थापता थापता तिने विचारलं, "तुह्या टाकीत पानी कोठचं पेते लोकं?"

टॉकीजला माय टाकी म्हणे. मी दोन रांजणांचं सांगितलं.

"लिवलं काय हाय त्याच्यावर?"

"सर्वांसाठी. दोन्हीवर तेच."

"मंग तू उजव्यातलं काऊन नाई पेत?"

"मी घरून बाटली नेतो ना, माय."

"बाटली कायले नेतं?"

तिने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "शनवारी मी येतो. मले पिक्चर नाई पाहाचा. मले त्या उजव्या रांजनाचं पानी पेयचं हाय."

मला वाटलं, बोलली, विसरेल. पण मायचा स्वभाव असा की काही करायचं तर आधी सांगून करायचं. दुसऱ्याच दिवशी जिनात शेठ फेरीवर आला तेव्हा तिने काम थांबवून त्याला सांगितलं, "शेठजी, शनवारच्या खेळाले येतो मी. पानी उजव्या रांजनाचं पेईन. मागून म्हनू नोका का सांगतलं नाई."

लग्नाची पत्रिका द्यावी तसं तिने ते सांगितलं. शेठ फेरी पुरी करून निघून गेला. पण शनिवारी दुपारी मला निरोप आला. शेठच्या खोलीत वकीलही बसला होता.

"आज मध्यंतर नाई करायचं," शेठ म्हणाला.

"शेठ, मशीन एक आहे. चक्री बदलावीच लागते."

"तं बदल ना. दिवे नोको लावू. अंधारात बदल."

वकिलाने मला समजावून सांगितलं. त्याची भाषा पुण्याची होती. "हे पहा, दिवे लागले नाहीत म्हणजे मध्यंतर झालं नाही. मध्यंतर नाही म्हणजे कोणी उठायचं कारण नाही. कोणी उठलं नाही म्हणजे पाण्याचा प्रश्न नाही. आणि प्रश्नच नाही तर तक्रार कशाची? पाटी आपली जागच्या जागी आहे."

मला कबूल करावं लागेल की युक्तिवाद बिनतोड होता. अशी अक्कल याने कोर्टात वापरली असती तर त्याला पास मागायची वेळ आली नसती.

"आन तुह्या मायले समजाव," शेठ म्हणाला. "वर्ध्यात दुसरे आपरेटर बसले हायत. मी तुले चार वर्सं पोसलं, ध्यानात ठेवजो."

मी "हो जी" म्हणालो. त्याच्यापुढे जास्त काही म्हटलं असतं असं आता लिहून टाकता येईल, पण म्हटलं नाही. मला नोकरी हवी होती. घरी दोनच खाणारी तोंडं होती, पण मिळकतीत माझी नोकरी सोडली तर उरत होतं ते मायचं कापसाचं काम, आणि तेही याच शेठच्या जिनात.

सहाचा खेळ. थंडीचे दिवस, बाहेर अंधारून आलं होतं आणि हॉल भरलेला. माय आली ती पांढरं लुगडं नेसून, तिकीट काढून. मी फुकट सोडतो म्हटलं तर म्हणाली, फुकटची आली त पानीही फुकटचं म्हनतीन. बायकांच्या बाजूला खाली चटईवर ती बसली आणि मला वरून तिचं डोकं दिसत राहिलं.

शेठने पाणक्याला रांजणावरून उठवून दारावर उभं केलं, कोणाला बाहेर सोडायचं नाही म्हणून. स्वतः दारातच खुर्ची टाकून बसला.

पहिली चक्री संपली. पडदा विझला. मी दिवे लावले नाहीत. केबिनमध्ये छोटी बॅटरी दातांत धरून फिल्म ओवायला लागलो. लोकांना वाटलं वीज गेली. थोड्या शिट्ट्या झाल्या. दुसरी चक्री संपली तेव्हा पोरं रडायला लागली, बायका पोरांना हाका मारायला लागल्या, आणि एकाने ओरडून विचारलं की ऑपरेटर मेला काय.

इथं शेठच्या धंदेवाईक बुद्धीने घोटाळा केला. लोक बाहेर येणार नाहीत तर घाणा वाया जाणार, म्हणून त्याने भजीवाल्यालाच टोपली देऊन आत सोडलं. भजी मिरचीची. अंधारात कोणी किती घेतली, कोणी चटणी किती लावली, हे भजीवाल्यालाही कळलं नाही. तिसरी चक्री चालू होती तेव्हाच मला वरून सारा हॉल सुसकारे टाकताना ऐकू येत होता.

तिसरी चक्री संपली. ही मोठ्या मध्यंतराची वेळ. स्लाइडसुद्धा लावायची नाही असा हुकूम होता, कारण तिचा उजेड हॉलमध्ये पडतो. गुडुप अंधार झाला आणि ज्याला ज्याला तिखट लागलं होतं तो उठला. पाणक्या दारावर. ओट्यापाशी रेटारेटी सुरू झाली. झाकणं पडल्याचे आवाज, डबा आपटल्याचा आवाज, "सरक ना बावा", "मले दे आंधी", "अबे माह्या पायावर उभा हायस". कोण कुठल्या रांजणात काय बुचकळतो आहे हे देवाला माहीत, आणि आमच्या घरचे देव तर नदीत होते.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चाचपत, एकेक पायरी. बॅटरीच्या उजेडात मायचं तोंड दिसलं.

"दिवा काऊन नाई लावला?"

"शेठनं मना केलं."

"मले पानी पेयचं हाय."

मी हळूच म्हणालो, "माय, आत्ताच पिऊन घे. अंधार आहे, सारेच पिऊन राह्यले. कोनी पाहात नाई."

हे वाक्य मी बोललो. कितीही वर्षं झाली तरी ते माझंच आहे.

तिने पदर डोक्यावर सारखा केला. "कोनी पाहात नाई म्हनून पेऊ? मी का चोरी करून राह्यली?" मग आवाज न चढवता म्हणाली, "तू दिवा लाव, मंग पेतो. नाई लावला त बसतो तशीच. मले घाई नाई." आणि ती जशी आली तशी चाचपत खाली गेली, आपल्या चटईवर जाऊन बसली.

मला तिचा राग आला. असा आला की फिल्मचं टोक चाकात बसेना. माझी नोकरी घालवणार ही बाई, तीही घोटभर पाण्यासाठी, जे घरी माठात भरलेलं आहे. मग शेठचा राग आला. मग त्या बाटलीवर नजर गेली, कोपऱ्यात ठेवलेली, चार वर्षं रोज धुऊन भरलेली. आणि मग ज्याचा यायला हवा होता त्याचा आला. शूरपणा नव्हता तो. स्वतःची किळस आली म्हणून मी बटण दाबलं.

दिवे लागले.

ओट्यापाशी पंधरा-वीस माणसं होती. पितळी झाकण खाली पडलेलं, लाकडी फळी उजव्या रांजणावर. पितळी गिलास आमच्या वस्तीतल्या एका हमालाच्या हातात, आणि तो डाव्या रांजणातून पाणी काढत होता. आणि टिनाचा डबा कोणाच्या तोंडाला? वकीलसाहेबांच्या. डोकं मागं टाकून, डोळे मिटून, घटाघट पीत होते. दिवे लागलेले त्यांना सगळ्यांत शेवटी कळले.

डबा खाली ठेवावा तर पाहणारे पाहतात आणि न ठेवावा तर हातातच राहतो, अशा अडचणीत ते तसेच उभे राहिले. मी आयुष्यात पुष्कळ चांगले चित्रपट दाखवले, पण असं चित्र पुन्हा माझ्या मशीनला मिळालं नाही.

माय उठली. लोक बाजूला झाले. आदराने नव्हे, आपण कुठं उभे आहोत हे प्रत्येकाला कळून चुकलं होतं, त्यापासून दूर व्हायला. तिने हमालाच्या हातून पितळी गिलास घेतला, उजव्या रांजणावरची फळी उचलली, गिलास भरला आणि उभ्याने सगळा प्यायला. मग पदराने तोंड पुसलं, गिलास घरच्यासारखा ओट्यावर पालथा घातला.

कोणी काही म्हणालं नाही. म्हणायचं तर आधी आपण काय प्यायलो ते सांगावं लागलं असतं.

दारातून शेठ ओरडला, "दिवा कोनं लावला?"

सगळ्यांची तोंडं वर वळली.

"मी लावला," मी म्हणालो. मी सज्ज्यावर कठड्याशी येऊन उभा होतो.

शेठ जिन्याकडे निघाला. मला तिथल्या तिथं हाकलणार हे त्याच्या चालण्यावरून कळत होतं. पण पडद्यावरच्या नायिकेला खलनायकाने कोंडून ठेवलं होतं आणि अजून चार चक्र्या बाकी होत्या. मागून एकाने "चालू करा" म्हटलं. मग सगळ्यांनीच म्हणायला सुरुवात केली. वकीलसाहेबांचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता, कारण त्यांना अंधार हवा होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. शेठ अर्ध्या जिन्यावर थांबला आणि मला म्हणाला, "लाव ना आता, पाहात काय राह्यला?"

मी चवथी चक्री लावली. तीच, चवथी. माय तोवर निघून गेली होती. घरी आल्यावर मी विचारलं की पुढचा पिक्चर का नाही पाहिला. म्हणाली, "काम झालं माह्यं. ती बाई रडूनच राह्यली होती, तिचं काय पाहाचं."

दुसऱ्या दिवशी दोन्ही रांजण नाहीसे झाले. ओट्यावर नवी पाटी लागली, 'पिण्याच्या पाण्याची सोय नाही'. हाही सल्ला वकिलाचाच. आमच्या टॉकीजमध्ये समता आली ती अशी, की पाणी कोणालाच नाही. दाराबाहेर शेठच्या साळ्याची सोड्याची गाडी उभी राहिली आणि तहानेतसुद्धा शेठचं नुकसान झालं नाही. मला त्याने काढलं नाही. वर्ध्याचे ऑपरेटर एक मशीन आणि सहा मध्यंतरं ऐकूनच परत गेले होते.

मायला मी हे सांगितलं. तिला वाईट वाटलं. तिने एका गिलासासाठी एवढं केलं आणि त्यापायी सगळ्या गावाचं पाणी गेलं. दोन दिवसांनी ती डोक्यावर एक नवा माठ घेऊन आली, खेळाच्या आधी जिना चढली आणि माझ्या केबिनच्या दाराबाहेर, सज्ज्यावर, तिवईवर तो ठेवून गेली. वर जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक गिलास. शेठने वकिलाला विचारलं. नोकराने स्वतःच्या पाण्याचा माठ ठेवू नये असा कायदा वकिलाला सापडला नाही.

"कोनी मांगलं त देजो," माय म्हणाली. "पन दिवा लागल्यावर. अंधारात नोको देऊ कोनाले."

माझी बाटली त्या दिवसापासून मी नेली नाही.

आधी आमच्या वस्तीतले लोक येऊ लागले. मध्यंतर झालं की सज्ज्यावर चढायचे, सगळ्यांसमोर प्यायचे, उतरायचे. मग उन्हाळा लागला. आमच्याकडचा उन्हाळा माणसाची तत्त्वं फार दिवस टिकू देत नाही. तीनच्या खेळाला वरचे पत्रे असे तापत की कार्बन न लावताच फिल्म जळेल असं वाटे. सोडा पिऊन तहान आणखी वाढे. मग बाकावरचे लोक येऊ लागले, पण ते चित्रपट चालू असताना येत. अंधारात जिना चढून दबक्या आवाजात विचारत, "आहे का हो?" मी म्हणे, "आहे, मध्यंतरात या." काही जण पुटपुटत उतरून जात आणि पुन्हा येत नसत. काही जण मध्यंतरात येत, घाईघाईने पीत, हॉलकडे पाठ करून. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार, पण पीत. वकीलसाहेब कधी आले नाहीत. त्यांनी तीनचा खेळच सोडला.

वैशाखातली एक दुपार होती. सोड्याच्या गाडीला बर्फ आला नव्हता आणि साळा गाडी बंद करून झोपायला गेला होता. पाचवी चक्री चालू असताना जिन्यावर जड पावलं वाजली. दोन पायऱ्या, थांबणं, दोन पायऱ्या, थांबणं. शेठ वर आला. घामाने सदरा अंगाला चिकटला होता आणि बोलताना जीभ टाळूला लागत होती.

"पानी हाय का गा?"

"हाय जी."

"दे मंग गिलासभर."

"चक्री संपाले पाच मिनिटं हायत, शेठ. दिवा लागू द्या."

"मी मालक हाय इथचा."

"टाकीचे, शेठ. मडकं मायचं हाय."

मला वाटलं, आता हा उतरून जाईल आणि उद्या माझा हिशेब करील. तो उतरला नाही. उतरायचं त्राण नव्हतं की काय कोण जाणे, सज्ज्यालगतच्या वरच्या पायरीवर बसला. मशीनच्या खडखडाटातून मला त्याचा श्वास ऐकू येत होता. म्हातारा माणूस, तहानलेला. मला दया आली. खोटं कशाला सांगू, दोनदा हात गिलासाकडे गेला. दोन्ही वेळा मायचं वाक्य आठवलं, मले घाई नाई. हात मागे घेतला आणि कार्बन पुढे सरकवला.

फिल्मचं शेवटचं टोक सटकलं. पडदा पांढरा झाला. मी बटण दाबलं, गिलास भरला आणि दोन्ही हातांनी त्याला दिला.

दिवे लागले की सवयीने लोक मागे वळून वर पाहत, आज सज्ज्यावर कोण आहे म्हणून. त्या दिवशीही पाहिलं. बाकावरच्यांनी पाहिलं, जमिनीवरच्यांनी पाहिलं, बायकांच्या बाजूने पाहिलं. शेठ कठड्याला धरून उभा राहिला, हॉलकडे तोंड करून, कारण सज्जा एवढा अरुंद होता की त्याच्या जाड अंगाला पाठ फिरवायला जागाच नव्हती. त्याने डोळे मिटले आणि गिलास रिकामा केला.

मला चक्री चढवायची होती, तीन मिनिटंच होती. मी गिलास परत घ्यायला हात पुढे केला. शेठने तो दिला नाही.

"आनखी एक दे," तो म्हणाला, आणि ते खाली पडद्यालगतच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.